रंगरावांनी भरलेला रकाना

रंगरावांना कोणी चित्रकार म्हटलं की त्यांचे कान लाल होतात. आधी डावा, मग उजवा. ही गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत असल्यामुळे त्यांना चित्रकार म्हणण्यात एक वेगळीच मजा होती, आणि जिन्यात गाठ पडली की कोणी ना कोणी ती लुटायचंच.

"काय चित्रकार, आज कुठे दौरा?"

रंगराव हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. "गच्चीवर. टाकीला ओल आलीय, बघतो जरा."

ही ओल सहा वर्षं चालू होती. रोज सकाळी नऊला माणूस वर जातो, साडेबाराला खाली येतो, येताना कोपरापर्यंत निळा नाहीतर गाजरासारखा रंग माखलेला असतो, आणि टाकी मात्र गळतेच आहे. पण समोरच्याने थापच मारायची ठरवली असेल तर शेजाऱ्यांनी तिला हातभार लावावा, म्हणून सगळे ओलीची चौकशी करायचे. त्यांचं खरं नाव काय हे बहुतेकांना ठाऊक नाही. दारावर पाटी आहे, पण ती त्यांनीच रंगवलेली असल्यामुळे तिच्यावरचं नाव काही वाचता येत नाही.

रंगराव छत्तीस वर्षं बसच्या कारखान्यात होते. नव्या बस बांधायचा कारखाना नव्हे. ठोकर बसलेल्या, चेपलेल्या, गंजलेल्या बस जिथे येतात तो. पत्रा ठोकून सरळ करणारे वेगळे. त्यांचं झालं की बस रंगरावांच्या शेडमध्ये यायची. मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की काचपेपरने घासायची, हात फिरवून बघायचा, पुन्हा घासायची, त्यावर प्राइमर, आणि सगळ्यात शेवटी रंगाचा फवारा. फवाऱ्याआधी काचांवर, दिव्यांवर, नंबरपाटीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची, म्हणजे रंग नको तिथे बसत नाही. रंग झाला की ते कागद ओरबाडून पिंपात टाकायचे.

असे हजारो कागद त्यांनी टाकले. मग एक दिवस एक टाकवेना. तो कागद चुकून तीन बसना वापरला गेला होता. एक लाल, त्यावर मळकट पिवळा, त्यावर कसलासा हिरवा, आणि कडेला चिकटपट्टी ओढताना निघालेला एक ओरखडा. मधूनच कुणाच्या तरी भाषणाची अर्धी बातमी डोकावत होती. रंगराव तो हातात धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, हे कोणीतरी केलंय. मग लक्षात आलं, आपणच केलंय, आणि करताना आपण भलतीकडेच बघत होतो. बसकडे.

ते चोरासारखे इकडेतिकडे बघत कागदाची घडी करून घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बायकोने तो कपाटाच्या फळीवर अंथरला आणि वर बरण्या मांडल्या.  पुढे महिनाभर रंगराव स्वयंपाकघरात आले की साखरेची बरणी उचलून खाली बघायचे. बायकोने साखर थोडी जास्त आणायला सुरुवात केली.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर टाकीमागे आडोसा केला. जुन्या कपाटांचं प्लायवूड, मोडक्या टेबलांच्या वरच्या फळ्या, जे मिळेल ते घ्यायचं आणि त्यावर लांबी भरायच्या पोलादी पट्टीने रंग ओढायचा. आधी काही ठरवायचं नाही. झाड नाही, माणूस नाही, घर नाही. रंग ओतायचा, पट्टी फिरवायची, पुसायचा, परत ओतायचा. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस काहीतरी शोधतोय, ते हरवलंय, आणि काय हरवलंय हेच त्याला आठवत नाही. मधेच हात थांबायचा. हात थांबला की झालं. का थांबला, हे विचारून उपयोग नाही. रंगरावांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. झालेलं चित्र ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं. एवढ्या मोठ्या माणसाने सकाळचे साडेतीन तास यात घालवावेत, आणि त्यातून ना खुर्ची व्हावी ना पाटी, याची त्यांना लाजच वाटायची.

आता, लाजरा माणूस झाकून ठेवतो म्हणून दिसायचं राहतं थोडंच. चौथ्या मजल्यावर एक ग्रंथपाल बाई राहतात. एकदा त्या वाळलेली चादर काढायला वर गेल्या, तर चादरीवर गाजरी रंगाचे अकरा थेंब. दुसरी कोणी असती तर इमारत डोक्यावर घेतली असती. बाई थेंबांच्या मागावर टाकीमागे गेल्या आणि एकेक चित्र सरळ करून बघत बसल्या. रंगराव वर आले तेव्हा त्यांची चौदा चित्रं उघडी पडली होती. बाथरूमचं दार कोणी एकदम उघडावं तसं त्यांना झालं.

"ही ओल आहे का?" बाईंनी विचारलं.

रंगरावांचे दोन्ही कान एकदमच लाल झाले.

"चादर धुऊन देतो."

"चादर राहू दे. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात आठवडाभर प्रदर्शन आहे. आपल्याच भागातल्या लोकांचं. पाच चित्रं द्या. आणि हा अर्ज भरून आणा."

अर्जात प्रत्येक चित्रापुढे चार रकाने होते. नाव, माप, माध्यम आणि प्रेरणा. बाई म्हणाल्या, "नाव-माप लिहा. प्रेरणेचं काही नसेल तर राहू द्या कोरं. पुष्कळ जण कोरं ठेवतात."

इथेच घोटाळा झाला. बाईंना काय ठाऊक की छत्तीस वर्षांत या माणसाने एक रकाना कोरा ठेवलेला नाही. कारखान्यात प्रत्येक बसबरोबर एक जॉबकार्ड यायचं आणि त्यात 'नुकसानीचं कारण' असा रकाना असायचा. तो कोरा दिसला की फोरमन कार्ड परत धाडायचा. मग बस शेडमध्ये अडकून, सगळ्यांचं काम अडकून. आता बसला पोचा कुठे पडला हे रंग देणाऱ्याला कसं कळणार? म्हणून सगळे जण 'मागून धडक' लिहायचे. छत गंजलं, मागून धडक. आतली सीट फाटली, मागून धडक. त्या कार्डांवर विश्वास ठेवायचा तर शहरातल्या सगळ्या बस वर्षानुवर्षं एकमेकींवर आपटत होत्या. पण रकाना भरलेला असला की फोरमन खूश आणि बस बाहेर. यात आपण खोटं लिहितोय असं कोणाच्या मनातही यायचं नाही. तो रकाना होता, आणि रकाना भरायचा असतो.

तर रंगराव जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून बसले आणि भरू लागले. पहिल्या चित्रापुढे नाव आणि प्रेरणा दोन्हींत लिहिलं 'समुद्र'. दुसऱ्यापुढे 'पहाट'. तिसऱ्यापुढे परत 'समुद्र' लिहून खोडलं आणि 'वारा' केलं. चौथ्यापुढे 'बालपण'. पाचवं चित्र मोठं होतं, एका दाराच्या आकाराचं. राखाडी-निळ्या रंगात आडवा एक रुंद पांढरा पट्टा, डावीकडून उजवीकडे किंचित चढत गेलेला. खरी हकिगत अशी की प्राइमरचा डबा सुकत चालला होता, वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो संपवला. पण हे चित्र समोरच्या भिंतीवर लागणार होतं आणि बाईंनी सांगितलं होतं की त्याच्या प्रेरणेचं मोठं कार्ड छापू. मोठ्या कार्डावर 'वारा' बरा दिसला नसता.

रंगराव पेन धरून बसले. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती. मधेच कमरेवर हात ठेवून थांबली, मग पुन्हा लावू लागली. आणि त्यांच्या हाताने लिहिलं:

'माझी पत्नी तीन महिने अंथरुणाला खिळून होती. ते सगळे दिवस मी तिच्या उशाशी बसून काढले. खिडकीतला उजेड तिच्या पांघरुणावर सरकायचा. सकाळी पायाशी, दुपारी गुडघ्यावर, संध्याकाळी गळ्याशी. त्या उजेडातून हे चित्र आलं.'

नाव लिहिलं, 'उशाशी'.

वाचून बघितलं तर त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. इतकं छान त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी रंगरावांची बायको जिन्यावरून घसरली आणि तिचा पाठीचा मणका सरकला. डॉक्टरांनी तीन महिने फळीवर उताणं पडून राहायला सांगितलं. तिची धाकटी बहीण, म्हणजे रंगरावांची मेहुणी, कपडे शिवते. ती आपलं शिलाई मशीन बंद करून, हातशिलाईचं गाठोडं घेऊन इथे येऊन राहिली. उशाशी बसली ती ही. न्हाऊमाखू घातलं तिने, भांडं दिलं-घेतलं तिने. आणि उजेडाचं वाक्यही तिचंच. बहीण बरी झाल्यावर एकदा जेवताना ती हसत हसत म्हणाली होती, "आम्ही दिवसभर काय बघायचो माहितेय का, भाऊजी? उजेड. सकाळी ताईच्या पायाशी, दुपारी गुडघ्यावर, संध्याकाळी गळ्याशी. गळ्याशी आला की म्हणायचो, चला, आजचा दिवस गिळला हिने."

आणि रंगराव? रंगरावांनी डबल पाळी मागून घेतली होती. फोरमनच म्हणाला होता, "अरे, घरात आजारपण आहे, रजा घे." तर हे म्हणाले, "घरी माणूस आहे." त्यांना त्या खोलीत जाववत नसे. धडधाकट बाई, सबंध घर हाताखाली ठेवणारी, ती अशी फळीवर पडलेली, नुसते डोळे वळवून आपल्याकडे बघते, आणि आपण काय करायचं हे आपल्याला कळत नाही. पत्र्याला पोचा असता तर कळलं असतं.

एका सकाळी मेहुणी दूध आणायला खाली गेली होती. रंगराव कामावर निघाले होते, एक बूट घातला होता. आतून बायकोची हाक आली, "अहो, आहात का?" त्या आवाजावरून कळत होतं की काहीतरी तातडीचं आहे आणि मागायला तिला जड जातंय. रंगरावांनी पायातला बूट काढला. दोन्ही बूट हातात घेतले, मोज्यांवर दारापर्यंत गेले, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि दोन मजले खाली उतरून जिन्यात बसून बूट घातले. संध्याकाळी मेहुणी सहज बोलून गेली, "मी पंधरा मिनिटं काय खाली गेले, ताईला आवरलं नाही हो. सगळी चादर बदलावी लागली. किती रडली." रंगराव म्हणाले, "अरेरे."

ते 'अरेरे' बारा वर्षं त्यांच्या घशात होतं.

प्रदर्शन सोमवारी उघडलं आणि 'उशाशी'समोर गर्दी जमू लागली. माणसं आधी कार्ड वाचायची, मग चित्र बघायची, मग परत कार्ड वाचायची. पांढऱ्या पट्ट्यात कोणाला पांघरूण दिसलं, कोणाला फळी, आणि एका निवृत्त पोस्टमनला आपली गेलेली बायको दिसली. त्याने रंगरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. रंगरावांना खरं तर तेव्हाच बोलता आलं असतं. पण लबाडी अशी की त्यांना ते आवडलं. पहिला सबंध दिवस आवडलं. त्या कार्डावरचा नवरा इतका चांगला होता की रंगरावांना तो आपणच असावा असं वाटू लागलं.

मंगळवारपर्यंत कार्ड इमारतीत पोचलं. मग काय विचारता. बायकांना आयतं हत्यार मिळालं. ज्या घरात नवऱ्याने साधी खोकल्याची बाटली आणून दिली नव्हती, त्या घरात 'उशाशी' हा शब्द दिवसातून तीनदा ऐकू येऊ लागला. दुसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट लिफ्टमध्ये रंगरावांना म्हणाला, "काका, चित्रं काढायची तर काढा, पण लिहायचं कशाला? माझी सासू आठवडाभर येऊन राहतेय, तिच्याही उशाशी बस म्हणते बायको."

बुधवारी शेजारणीने भाजीच्या गाडीपाशी रंगरावांच्या बायकोला गाठलं. "भाग्यवान हो तुम्ही. आम्हाला बाई इतक्या वर्षांत कळलंच नाही."

"काय कळलं नाही?"

"आता लाजताय काय. सगळं वाचलंय आम्ही."

बायकोने भाजी घेतली, घरी आली आणि टेबलावर पिशवी ठेवत विचारलं, "अहो, तिथे काय लिहिलंय तुम्ही?"

"असंच. कलेबद्दल."

"माझ्याबद्दल?"

"कलेबद्दल. त्यात सगळंच येतं."

बायकोने त्यांच्या कानांकडे बघितलं. "बरं. रविवारी धाकटी येणार आहे माझ्याकडे. आम्ही दोघी येऊन बघू."

शनिवारी दार उघडायच्या आधीच रंगराव ग्रंथालयात हजर. ग्रंथपाल बाई कुलूप काढत होत्या.

"ते मोठं कार्ड काढता येईल का?"

"का हो?"

"शुद्धलेखन चुकलंय."

बाई ओळीवर बोट ठेवत सगळं कार्ड वाचून आल्या. "एकही चूक नाही. मी स्वतः तपासलं होतं."

"अक्षर बारीक वाटतंय."

"काका, काल आलेल्या वर्गातल्या मुली हे वहीत उतरवून घेऊन गेल्या. काय झालंय?"

आता सांगावं, असं रंगरावांच्या तोंडापर्यंत आलं. पण बाईंच्या चेहऱ्यावर त्या कार्डामुळे जो आदर आला होता तो इतक्या जवळून दिसत होता की त्यांना तो मोडवेना. "काही नाही," ते म्हणाले. "उगाच."

रविवारी दोघी बहिणी आल्या. मेहुणीने ताईच्या कोपराखाली हात दिला होता. पायऱ्या चढताना ती अजून तसाच देते, सवय झालीय. 'समुद्र' बघितला, 'पहाट' बघितली. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ही पहाट आहे होय? मला वाटलं मोरीची भिंत." रंगराव हसले. हसणं कुठेतरी मधेच अडकलं. मग मोठ्या चित्रापाशी आले.

बायको कार्डाकडे वाकली, डोळे बारीक केले आणि सरळ झाली. "चष्मा दुसऱ्या पर्समध्ये राहिला. वाचा हो."

मेहुणी म्हणाली, "मी वाचते की, ताई."

"त्यांनी लिहिलंय, त्यांनाच वाचू दे."

रंगरावांना एक वाट होती. तोंडाला येईल ते बोलायचं. समुद्र, वारा, काहीही. पण मेहुणीच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. ती बाजूलाच उभी होती आणि तिचे डोळे पहिल्या ओळीवर पोचलेही होते. रंगराव वाचू लागले. 'माझी पत्नी' इथपर्यंत आवाज बरा होता. 'मी तिच्या उशाशी' इथे तो फुटला आणि त्यांनी घसा खाकरून तेच शब्द पुन्हा वाचले, म्हणजे ते दोनदा ऐकू आले. 'सकाळी पायाशी, दुपारी गुडघ्यावर' आलं तेव्हा मेहुणीने ताईच्या कोपराखालचा हात काढून घेतला.

वाचून संपलं. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली.

"भाऊजी," मेहुणी हळूच म्हणाली, "हे उजेडाचं ओळखीचं वाटतंय."

"हो."

"नाही, छान लिहिलंय. फक्त ओळखीचं वाटतंय."

बायको चित्राकडे बघत होती. "उशाशी कोण बसायचं म्हणालात?"

"मी. असं लिहिलंय."

"लिहिलंय ते ऐकलं मी."

तेवढ्यात ग्रंथपाल बाई लगबगीने आल्या. "तुम्हीच ना त्या? किती लोक विचारतात तुमच्याबद्दल. आता कशी आहे तब्येत?"

रंगरावांनी खाली बघितलं. फरशीच्या दोन तुकड्यांमधली फट त्यांना फार नीट दिसत होती. आता ही बोलेल, त्यांना वाटलं, आणि बोलावंच.

"बरी आहे," बायको म्हणाली. "मीच ती."

"भाग्य लागतं असा माणूस मिळायला."

"हो ना," बायको म्हणाली.

चारचौघांत तिने त्यांना सांभाळून घेतलं. तिने तिथल्या तिथे झाडलं असतं तर रंगरावांना इतकं लागलं नसतं. ती त्यांच्याकडे न बघता दारापर्यंत गेली आणि मग म्हणाली, "मी हिच्याकडे जाते चार दिवस. जेवण झाकून ठेवलंय." मेहुणीने पायऱ्यांपाशी पुन्हा ताईच्या कोपराखाली हात दिला. 

रंगराव ग्रंथपाल बाईंच्या टेबलापाशी गेले.

"एक कोरं कार्ड द्या. मोठं."

"कशाला?"

"ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"पत्नी आजारी होती ते खरं आहे. बाकी सगळं."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आदर जाताना रंगरावांनी समोर उभं राहून बघितला. घासलेल्या पत्र्यावरून पाणी ओघळावं तसा तो गेला, जरा वेळ कडेला थांबून. "काका, मी सांगितलं होतं, कोरं ठेवलं तरी चालेल."

"मला कोरं ठेवता येत नाही," रंगराव म्हणाले, आणि हे किती बावळट कारण आहे ते त्यांना बोलताना कळलं.

त्यांनी तिथेच उभ्याने लिहिलं, आणि छापायला न देता तसंच लावलं: 'हे चित्र कसं झालं ते मला माहीत नाही. इथे आधी जे कार्ड होतं ते खोटं होतं. पत्नी तीन महिने आजारी होती तेव्हा उशाशी माझी मेहुणी बसली होती. उजेडाचं वाक्य तिचं आहे. मी घराबाहेर राहत होतो.' नाव काय द्यायचं ते सुचलं नाही, तेव्हा जुन्या नावावर काट मारली.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "प्रदर्शन बुधवारपर्यंत वाढवलंय. वाटलं तर चित्र आजच काढून न्या."

"नको. आणि मी इथेच उभा राहतो."

इमारतीत ही बातमी पहिलीपेक्षा लवकर पोचली. बायकांचं हत्यार हातचं गेलं. पुरुषमंडळींच्या जिवात जीव आला, आणि विमा एजंटने तर लिफ्ट धरून ठेवली. "या, उशाशीवाले, या. माझी सासू आजच परत गेली." जिन्यातल्या थट्टेला रंगराव पूर्वी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. आता त्यांनी नुसतं "हो" म्हटलं, आणि त्यामुळे थट्टेतली मजा गेली. विमा एजंटलाच कसंतरी झालं. तो पहिल्या मजल्यावरच उतरला, जिथे त्याचं काही काम नव्हतं.

सोमवारी, मंगळवारी रंगराव चित्राशेजारी उभे राहिले. लोक जुनं कार्ड वाचायला यायचे आणि नवं वाचायचे. काही जण त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. एका बाईने विचारलं, "मग पैसे मिळणार होते का यात?" "नाही." "मग लिहिलंत कशाला?" रंगरावांनी कार्डाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. पोस्टमन पुन्हा आला. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मी मात्र बसायचो हो उशाशी." हात न देता निघून गेला.

बुधवारी दुपारी बायको एकटीच आली. चष्मा लावून. कोणाशी न बोलता तिने कार्ड वाचलं, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. रंगराव भिंतीला पाठ लावून उभे होते. "जेवलात का?" असंही तिने विचारलं नाही. बाजूला पहारेकऱ्याची खुर्ची होती, तिच्यावर पाठ सरळ ठेवून बसली.

कॉलेजातल्या दोन मुली आल्या. त्यांनी वाचलं, कुजबुजल्या, आणि एकीने रंगरावांना विचारलं, "काका, ती पत्नी... त्यांना कळलं का हे?"

"मला विचार," बायको म्हणाली. "ती मी."

मुली गोंधळल्या. "नाही, म्हणजे, आम्ही सहज..."

"सहज विचार ना. मला कोणी विचारलंच नाही कधी. यांनीसुद्धा."

मग ती सांगू लागली. आवाज चढवला नाही; भाजी कशी निवडायची हे सांगावं तसं सांगत होती. पहिला महिना छत बघण्यात गेला. छताला एक तडा होता, त्याला बहिणींनी मिळून नाव ठेवलं होतं, ते नाव इथे सांगण्यासारखं नाही. मांडीवर माशी बसली तरी हाकलता यायची नाही. पायाची बोटं आपली आहेत की नाहीत हे बहिणीला विचारावं लागायचं. ती चिमटा काढून सांगायची, आहेत. मुली हसल्या. रंगराव हसले नाहीत. यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. एकाच घरात बारा वर्षं.

"आणि हे?" मुलीने मान हलवून रंगरावांकडे दाखवलं.

"हे यायचे. दाराबाहेर. थिनरचा वास यायचा ना यांना. मला मान वळवता यायची नाही, पण वासावरून कळायचं की दारापाशी उभे आहेत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग वास जायचा. आत काही यायचा नाही." ती थांबली. "एकदा मी हाक मारली. वास होता तेव्हा."

रंगरावांचे कान लाल झाले नाहीत. उलट पांढरे पडले. मुलींपैकी एकीने "थँक्यू, काकू" म्हटलं आणि दोघी 'वारा' बघायला पळाल्या.

हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. रंगरावांनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं, मी तेव्हा. त्यांना म्हणायचं होतं, मला काय करायचं ते.

"थांबा," बायको म्हणाली. "माझं झालं नाही अजून. दुसऱ्या महिन्याचं राहिलंय."

आणि तिने दुसरा महिना सांगायला सुरुवात केली. रंगराव भिंतीपासून सुटून तिच्या खुर्चीजवळ आले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ते उभे राहून ऐकू लागले.